दोन थेंबांचा हिशेब

‘माशांना रोज चिमूटभर खाद्य. बाकी कशालाही हात लावू नये.’ जावयासाठी अशी चिठ्ठी ठेवून सासूबाई चार दिवस बहिणीकडे गेल्या. ‘कशालाही’खाली दोन रेघा होत्या. जावई कॉलेजात रसायनशास्त्राचे सर. त्यांनी रेघा वाचल्या, पाळल्या नाहीत.

चौथ्या दुपारी खाद्याच्या डब्यावर त्यांना एक ओळ दिसली : पाणी किंचित आम्लधर्मी असावं. झालं! सरांनी कॉलेजातलं पातळ आम्ल काढलं, शंभर लिटरच्या टाकीत मोजून दोन थेंब सोडले आणि टाकीकडे पाठ करून वही उघडली. हायड्रोजन आयन, दहाचा उणे आठवा घात. म्हणजे पीएच आठ.

सर चरकले. सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी!

“अहो, ती रंग बदलणारी पट्टी बुडवून बघा ना,” बादली घेऊन आत जाता जाता बायको म्हणाली.

“पट्टी अंदाज सांगते. गणित खरं सांगतं.”

“बरं बाई,” म्हणून ती गेली.

सरांनी अर्धी बाटली व्हिनेगर ओतलं. पुन्हा वही. पीएच पावणेचार. एवढ्यात तर मासे मुरले असते! घाईघाईने त्यांनी धुण्याच्या सोड्याचा पुडा उपडा केला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. पाचही मासे दिसेनात. आणि सासूबाई पाचला पोचणार होत्या.

बारावीतली लेक आली. बापाच्याच वर्गात होती. तिने वही उचलली.

“बाबा, आम्ल टाकून पाणी अल्कधर्मी झालं?”

“गणित बघ.”

“बघितलं. पाण्याचे स्वतःचे आयन कुठायत? ते धरा, पीएच सातच्या केसभर खाली येतो. तुमच्या दोन थेंबांनी काही म्हणजे काही झालं नव्हतं.”

सर टाकीइतकेच पांढरे पडले.

“परवा ह्याच चुकीला तुम्ही मला शून्य दिलंत. वर भर वर्गात विचारलंत, अक्कल घरी ठेवून आलीस का?” लेकीने वही मिटली. “घरीही नव्हती हो, बाबा.”

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाई चपलांसकट टाकीपाशी गेल्या.

“माझे मासे?”

“त्याचं असं आहे आई,” सरांनी घसा खाकरला, “पाण्यात मुळात जे आयन असतात...”

“मासे असतात पाण्यात! कुठायत?”

“हे काय, इथे,” म्हणत बायकोने आतून बादली आणून ठेवली. टाकीतल्याच स्वच्छ पाण्यात पाचही जण मजेत फिरत होते. “ह्यांची पाठ वळल्याबरोबर काढले.”

सर बादलीकडे बघत राहिले. “म्हणजे तासभर मी रिकामी टाकी...? पण तुला कसं कळलं?”

बायकोने फ्रिजवरून एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. अक्षर सासूबाईंचंच.

‘जावईबापूंनी वही उघडली की मासे बादलीत घे.’

‘वही’खाली दोन रेघा होत्या.