प्लायवूडचा जिना

जवळ ये गं सुमे, बस अशी. दर वेळी दारातूनच ‘मावशी, उशीर झाला’ म्हणत पळतेस. मावशी काय टोलनाका आहे? आज शेजारच्या परबांचं ऐकल्याशिवाय जायचं नाही.

आमच्या दिंडोशीच्या अख्ख्या बिल्डिंगीत क्रिकेटची मॅच काळीपांढरी बघणारा हा एकच माणूस. टीव्ही चांगला भिंतभर, लेकाने घेऊन दिलेला. यांनी पहिल्याच दिवशी त्यातला रंग काढून टाकला. फायनलला मजल्यावरचे सगळे जमले, तर दोन्ही टीम सारख्याच करड्या! कुणी विचारलं, “परबकाका, आपला आउट झाला की त्यांचा?” तर म्हणतात, “ता जाऊंदे रे. अंपायरची सावली बघ, काय झकास पडली हा!”

तरुणपणी परब स्टुडिओत दिवे धरायचे. स्वस्तातले काळेपांढरे रहस्यपट असायचे ते. त्यातल्याच एकाची डिस्क रोज दुपारी पडदे ओढून लावतात. खून माळ्याने केला हे मलासुद्धा पाठ झालंय. पण पिक्चरपेक्षा परबच जास्त बोलतात. “वहिनी, ही हवेली म्हणजे नुसती पुढची भिंत. मागे आम्ही डबे खायचो. आणि धुका खयचा, धूप तो! हिरॉइन भिऊन नाय रडत, धूर गेलाय डोळ्यांत.” एकच फुलदाणी तीन घरांत दिसते.

मी म्हटलं, “मग यात बघायचं काय?”

“काळोख,” म्हणाले. “तेवढाच आम्हांला परवडायचा.”

गेल्या आठवड्यात भर दुपारी पडदे उघडे, टीव्ही बंद. मी वाटीभर शिरा घेऊन गेले. डिस्कवर चरा पडला होता. बाकी पिक्चर चालतो, जिन्याच्या सीनला मात्र उडी मारतो.

“बरंच की, माळी लवकर सापडेल,” मी मेली बोलून गेले.

“त्या जिन्यावर शालन आसा,” ते म्हणाले.

परबांच्या शालनवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. त्या जिन्याच्या सीनच्या दिवशी शूटिंगला भूत होणारी बाई आलीच नव्हती, आणि वहिनी नवऱ्याचा डबा घेऊन गेलेल्या. त्यांनाच पांढरी साडी नेसवली, हातात मेणबत्ती दिली. वर चढ, मागे वळायचं नाही, डायरेक्टरने बजावलं. पण जिना प्लायवूडचा, लागला डुलायला. खाली परब तो खांद्यावर तोलून उभे. अर्ध्यावर गेल्यावर वहिनींनी वळून खाली बघितलंच, हे आहेत ना म्हणून. परत काढायला फिल्म उरली नव्हती. तसंच राहिलं.

“मी दिसत नाय त्यात,” परब म्हणाले. “पण ती माझ्याकडेच बघता, वहिनी.”

तू अंधेरीला सीन जोडायचंच काम करतेस ना गं? डिस्क मी मागून आणलीय. दिल्यापासून तीनदा येऊन विचारून गेले, “नीट ठेवलीत ना?” जमलं तर बघ. नाहीच जमलं, तर ते सांगायला तरी तू हवीस. माझ्याच्याने नाही व्हायचं.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. दारातून पळायचं नाही हां. परबांनी पडदे आजच ओढून ठेवलेत. ये गं लवकर.