जिभेवर केस नसलेला माणूस

गुरुग्राममधील एका सॉफ्टवेअर कंपनीला माद्रिदचे ग्राहक मिळाले. आनंदाच्या भरात व्यवस्थापनाने परिपत्रक काढले: ग्राहकाशी जवळीक साधण्यासाठी यापुढे प्रत्येक बैठकीत स्पॅनिश वाक्प्रचार वापरणे अनिवार्य राहील. वाक्प्रचाराविना बोललेले वाक्य ग्राह्य धरले जाणार नाही.

प्रकल्पप्रमुख दिनकर परचुरे मूळचे पुण्याचे, त्यामुळे नियम पाळणारे. त्यांनीही पाठांतर सुरू केले. कोणी चूक केली, की त्याने 'पंजा घातला' म्हणायचे. सोपे काम म्हणजे 'खाल्लेला पाव'. सगळ्यांचे पाठांतर चोख झाले. वाक्प्रचारांच्या परीक्षेत फक्त निहार नापास झाला, म्हणून त्याला कामावरून हटवून शिकवणीला बसवले. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिणारा तोच एकटा उरला होता.

अखेर माद्रिदहून रामिरोसाहेब आले.

"काम कुठवर आलं?" त्यांनी साध्या इंग्रजीत विचारले.

"पान कोमिदो!" मनुष्यबळ विभागाच्या शालिनी सूद चीत्कारल्या. खाल्लेला पाव!

"म्हणजे तयार आहे?"

सगळे दिनकररावांकडे बघू लागले.

"नाही सर," ते म्हणाले. "नीट सुरूही झालेलं नाही. आम्ही तुमचे वाक्प्रचार पाठ करत होतो."

रामिरो खदखदून हसले. "या माणसाच्या जिभेवर केस नाहीत! आमच्याकडे स्पष्टवक्त्याला असं म्हणतात." एवढी स्तुती करून त्यांनी करार रद्द केला आणि ते निघून गेले.

"दिनकर जी, ये वाला तो सिलेबस में ही नहीं था," शालिनीबाई थंडपणे म्हणाल्या. संध्याकाळी दिनकररावांना कार्यमुक्त करण्यात आले. कारण: ग्राहकाशी वाक्प्रचाराविना सत्य बोलणे.

घरी दहावीतली लेक अनुष्का अभ्यास करत होती.

"बेटा, कंपनीनं मला नारळ दिला."

"अच्छा? ऑफिसमध्ये पूजा होती? प्रसाद कुठाय?"

दिनकरराव बूट काढता काढता थांबले. शाळेत तिचा स्पॅनिशच विषय होता. ते हळूच म्हणाले, "दे पातितास एन ला काये."

चिमुकल्या पावलांनी रस्त्यावर. अनुष्काचा चेहरा उतरला. "पापा, नोकरी गेली?" म्हणत ती त्यांना बिलगली आणि रडू लागली.

वाचकहो, हसू आले असेल तर आपल्याही मुलांना 'नारळ देणे' म्हणजे काय, ते विचारून पाहा. फक्त प्रश्न मराठीत विचारा. नंतर त्याचा अर्थ हिंदीत समजावून सांगावा लागेलच.