लाल झबलं आणि तिसरी मुलाखत

विश्रामला बोलतं करायला आपल्याला दोन दिवस पुरेत, असं सुमेधाने शनिवारी सकाळी घरात जाहीर केलं, तेव्हा तिच्या एका हातात वरणाची पळी होती आणि दुसऱ्या हातावर सहा महिन्यांची हेमा.

"दोन दिवसांत पोपटसुद्धा बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पोपट एम.ए. नसतो, आई."

सुमेधा स्वतः गणित घेऊन बी.ए. झालेली. पुढे लग्न झालं, डोंबिवलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, हेमा झाली आणि पुस्तकं माळ्यावर गेली. पण गणित काही माळ्यावर जाईना. आसपासची पोरं कॉलेजात गणित घेत, मध्येच अडत आणि विचारायला कोणी नसे. पदवी मिळाल्यावर पुढे काय, हे विचारलं तर वडीलधारे एवढंच सांगत, की मास्तर हो. म्हणून सुमेधाने बाहेरच्या खोलीत गणित-विद्यार्थी साहाय्यक मंडळ काढलं. तिथे शंका सुटत, जुनी पुस्तकं वाचायला मिळत आणि वर्तमानपत्रांतून कापलेल्या नोकरीच्या जाहिराती भिंतीवर खळीने चिकटवलेल्या असत. विमा कंपनी, वेधशाळा, रेल्वेचं हिशेब खातं. मंडळाची वेळ घड्याळावर नव्हती, हेमावर होती. ती झोपली की सुमेधा गॅलरीतल्या दोरीवर तिचं लाल झबलं टाकी. झबलं दिसलं की पोरांनी वर यायचं, नाहीतर स्टेशनावर चहा पीत बसायचं.

विश्राम हा मंडळाचा कोहिनूर. फळ्याकडे तोंड करून उभा राहिला की धबधब्यासारखा बोले. पण माणसांकडे तोंड केलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. प्राध्यापकाच्या जागेसाठी दोन मुलाखती झाल्या होत्या आणि दोन्हीकडे त्याला स्वतःचं नावही पुरतं सांगता आलं नव्हतं. आता सोमवारी ठाण्याच्या एका कॉलेजात तिसरी होती. तीही गेली तर विठ्ठलवाडीला काकांच्या लाकडाच्या वखारीत बसायचं, असं काकांनी निक्षून सांगितलं होतं. एवढं सोन्यासारखं डोकं लाकडं मोजण्यात जाणार, या विचाराने सुमेधाला घास गिळवेना.

म्हणून तिने मुलाखतीची रंगीत तालीम ठरवली. परीक्षक म्हणून सासूबाई आणि शेजारच्या आवडाबाई सतरंजीवर बसल्या. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, विश्राम. तेवढ्यात कल्याणची प्रमोदिनी आपल्या शंका घेऊन आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. सुमेधाने तिच्या हातात पोह्यांच्या बशा दिल्या आणि म्हटलं, "एवढ्या बाहेर दे गं."

प्रमोदिनीने बशा दिल्या. विश्रामने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"नाव काय तुमचं?" सुमेधाने करड्या आवाजात विचारलं.

विश्राम पोह्यांतल्या शेंगदाण्याकडे बघत राहिला.

"लाजतोय," आवडाबाई खूश होऊन म्हणाल्या.

इतक्यात हेमा उठली आणि तिने भोकाड पसरलं. सुमेधाने तिला उचललं आणि दुसरं कोणी रिकामं नाही म्हणून विश्रामच्या मांडीवर ठेवलं. हेमाने त्याचं नाक धरलं. विश्राम तिला म्हणाला, "असं नाही करायचं. तुला अनंत श्रेणीची गंमत सांगू?" आणि सांगायलाच लागला. नाव, गाव, शिक्षण, आवडता विषय, सगळं त्याने हेमाला सांगितलं. हेमा हुंकार देत होती.

सुमेधाला युक्ती सापडली. पण आवडाबाईंनाही काहीतरी सापडलं होतं. इस्त्रीचा शर्ट, खाली घातलेली मान, उपवर मुलीच्या हातचे पोहे.

"अहो, ही नोकरीच्या मुलाखतीची तालीम आहे," सुमेधाने त्यांना बजावलं.

"हो हो. आता मुलाखतच म्हणतात," आवडाबाई म्हणाल्या आणि संध्याकाळी कल्याणला बहिणीकडे गेल्या. ही बहीण प्रमोदिनीच्या वडिलांच्या भिंतीला भिंत लावून राहायची.

रविवारी खरी तालीम होती. अनोळखी माणसासमोर विश्राम टिकतो का, हे बघायचं होतं. श्रीपादने, म्हणजे सुमेधाच्या नवऱ्याने, आपल्या कचेरीतल्या एका खडूस हेडक्लार्कना बोलावलं होतं आणि त्यांना आणायला तो स्टेशनावर गेला होता. प्रमोदिनी स्वयंपाकघरात सासूबाईंबरोबर कांदा चिरत होती. दारात एक गृहस्थ आले. काळी टोपी, बगलेत छत्री, कपाळावर आठ्या.

"मुलाला बघायला आलोय," ते म्हणाले.

"या ना. तुमचीच वाट बघत होतो," सुमेधा म्हणाली. "हे आले नाहीत का बरोबर?"

"मी एकटाच आलो. अशा कामात चार तोंडं नकोत."

हेडक्लार्क शोभतात खरे, असं सुमेधाला वाटलं. नवरा त्यांना स्टेशनावर चुकला असणार. तिने पटकन हेमाला विश्रामच्या मांडीवर ठेवलं.

गृहस्थ दचकले. "हे मूल कोणाचं?"

"मुलाखतीपुरतं घेतलंय," विश्राम हेमाकडे बघत म्हणाला.

गृहस्थांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं. याआधी कुठे योग आला होता का?"

"दोन ठिकाणी गेलो होतो. दोघांनीही नकार दिला."

"कारण?"

"तोंडातून शब्द निघाला नाही."

"प्रामाणिक दिसता. आणखी कुठे बोलणी चालू आहेत?"

"चार ठिकाणी अर्ज टाकलेत," विश्राम हेमाला म्हणाला. "जिथून आधी बोलावणं येईल तिथे रुजू होईन."

गृहस्थांच्या आठ्या टोपीखाली गेल्या. सुमेधाला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कसा सलग बोलतोय.

"आणि तुमच्या अटी काय?"

"नियमाप्रमाणे असतील त्या. पहिलं वर्ष परीक्षेचं. समाधान झालं नाही, तर एका महिन्याच्या सूचनेवर दोन्ही बाजू मोकळ्या."

"मोकळ्या?" गृहस्थ उभेच राहिले. "माझी मुलगी म्हणजे काय भाड्याची सायकल आहे?"

विश्रामने आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. "तुमच्या मुलीचा इथे काय संबंध?"

तेवढ्यात प्रमोदिनी बशा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा? तुम्ही इथे?"

पुढची पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. हेमासुद्धा. हा मुलगा नोकरीसाठी बोलतोय, हे त्र्यंबकरावांना, म्हणजे प्रमोदिनीच्या वडिलांना, पटायला भिंतीवरच्या जाहिराती वाचून दाखवाव्या लागल्या. आवडाबाई दाराआडून ऐकत होत्या, त्या हळूच आपल्या घरात गेल्या आणि त्यांनी कडी लावून घेतली. खरे हेडक्लार्क श्रीपादबरोबर आले तोवर पोहे संपले होते.

"प्रमोदिनी, चपला घाल," त्र्यंबकराव म्हणाले. पण दारातून ते वळले. "मुलगा खोटं बोलत नाही, एवढं मात्र आहे."

जाताना विश्राम बराच वेळ घुटमळला. "वहिनी, हेमाला तर ठाण्याला नेता यायचं नाही. तिचं झबलं मिळेल का? खिशात असलं तर बरं वाटेल."

सुमेधाने दोरीवरचं झबलं काढून दिलं. सोमवारी हेमा दुपारभर झोपली आणि दोरीवर झबलं नाही म्हणून मंडळाचे सभासद दुपारभर स्टेशनावर चहा पीत बसले.

संध्याकाळी विश्राम पेढे घेऊन आला.

"बोललास ना?" सुमेधाने पेढा हातात घ्यायच्या आधी विचारलं.

"नाही. पाचजण होते. घाम फुटला म्हणून खिशातला रुमाल काढला, तर ते झबलं निघालं. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, वा, किती महिन्यांचं? मी सहा बोटं दाखवली. मग ते बाकीच्यांना म्हणाले, आधीचे दोघे सडेफटिंग होते, वर्षाच्या आत मुंबईला पळाले. बायकामुलांचा माणूस टिकतो. जागा दिली."

"आणि तू गप्प बसलास?"

"सांगणार होतो हो, वहिनी. शब्दच निघेना."

आपल्या दोन दिवसांच्या मेहनतीचं काय झालं, याचं गणित सुमेधा मांडत होती, इतक्यात खाली छत्री आपटल्याचा आवाज आला. त्र्यंबकराव जिना चढून आले. रात्रभर विचार करून त्यांना मुलगा पसंत पडला होता, आणि चौकशी केल्याशिवाय मुलगी देणारे ते नव्हते. त्यामुळे आज दुपारी ते ठाण्याला कॉलेजात जाऊन आले होते.

"माणूस उत्तम आहे म्हणाले," ते दारातूनच गरजले. "फक्त म्हणाले, तुम्ही जरा उशीर केलात. त्याला सहा महिन्यांचं मूल आहे."

सगळे विश्रामकडे बघायला लागले. विश्राम हेमाकडे बघायला लागला.

आतून सासूबाईंनी डबा उघडल्याचा आवाज आला.

"सुमेधा," त्या म्हणाल्या, "पोहे किती भिजवू?"