वानखडेबाबूंचा तेलाचा डबा

आमचे शेजारी वानखडेबाबू लोकांच्या कढईत उरलेलं जळकं तेल मागत फिरायचे. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अमरावतीत सरकारी कारकुनी, अंगात इस्त्रीचा सदरा आणि हातात काळाकुट्ट डबा. गल्लीत कुठे कढई चढल्याचा वास आला की दुसऱ्या सकाळी हे दारात उभे.

"वहिनी, तेल फेकू नका. चांगल्या मालाचं मातेरं कायले करता?"

मग डब्यावर वाकून हुंगायचे. "शेव होती ना? ओवा जास्त झाला." माझ्या बायकोला याचाच राग. फुकट न्यायचं आणि वर नापास करायचं.

"एवढ्या तेलाचं करता काय, बाबू?" असं मी विचारलं की म्हणायचे, "कामाले येते."

हे उत्तर मला खटकायचं. त्यांची बायको चार वर्षांपासून अकोल्याला माहेरी होती, तेही खटकायचं. गल्लीच्या तोंडावर एक भजीवाला बसे. त्याची भजी हल्ली कडवट लागत. मी दोन आणि दोन जोडले आणि डोळ्यांनी काहीएक न पाहता पानठेल्यावर सांगून टाकलं, "बाबू तेल भजीवाल्याला विकतात."

आठवड्यात गल्लीभर झालं. बायका तेल मोरीत ओतू लागल्या, पण बाबूंना देईनात. भजीवाल्याची गर्दी मात्र तसूभर कमी झाली नाही.

बाबू दुसऱ्या मोहल्ल्यातून तेल आणू लागले. एका रविवारी पुरावा हवा म्हणून मी सायकलवर त्यांच्या मागे निघालो. ते गावाबाहेर महारोग्यांच्या वस्तीत शिरले. लिंबाखाली काही बायका त्या तेलाचा साबण करत होत्या. त्यांतल्या एकीच्या हातांना फडकी बांधलेली होती. तिच्याजवळ बसून बाबू सांगत होते, "हे देशमुखाकडचं. नातू झाला त्यायले. बुंदी पाडली, पण पाक बिघडला म्हने." बाई हसत होती.

बाबूंनी मला पाहिलं. तिच्याकडे हात करून म्हणाले, "हे आमची मंडळी."

अकोल्याला माहेरी गेलेली बायको ती हीच. मी तिथेच माफी मागितली. म्हटलं, उद्याच पानठेल्यावर सगळ्यांना खरं सांगतो.

त्यांनी माझ्या सायकलचं हँडल घट्ट धरलं. "नका सांगू, भाऊ. पोरीची सोयरीक जुळून राहिली. मले तेलचोर म्हनू द्या. चोराच्या घरी पोरगी पाहाले येतात लोक."

मी गप्प राहिलो. मुलीचं लग्न ठरलं. मांडवात कोणीतरी म्हणालं, "बाबू, आज तरी नवं तेल आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो. खरं काय ते ठाऊक असलेला त्या पंगतीत मी एकटाच होतो, आणि हसलो.

वरातीच्या दुसऱ्या सकाळी बाबूंनी आपल्याच घरच्या कढईतलं तेल डब्यात ओतलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि डबा सायकलला अडकवला. नेहमी रविवारी निघायचे, त्या दिवशी मंगळवार होता. मी दारातच उभा होतो. सोबत येऊ का, एवढंही मला विचारता आलं नाही.