दवेच्या पाण्यावरचा गुलाब

तहसील कचेरीतल्या नरहर कारकुनाला झाडांतलं सगळंच कळायचं, फक्त झाडांना ते ठाऊक नव्हतं. म्हणून तर तहसीलदारसाहेब दोन महिन्यांसाठी हैदराबादला निघाले, तेव्हा त्यांची गुलाबाची कुंडी त्यानं छाती पुढं काढून घरी आणली. साहेब म्हणाले होते, "हा जगला, तर तुमची वाटूरची बदली रद्द." जुना जालना सोडायच्या नुसत्या विचारानंच नरहरचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

गावात तेव्हा पटकीची साथ होती आणि बल्दियानं, म्हणजे नगरपालिकेनं, नळाच्या पाण्यात सढळ हातानं क्लोरीनची दवा घातली होती. पाणी तोंडाशी नेलं की दवाखान्यात शिरल्यासारखं वाटे. नरहर मात्र खूश! "माणसाची पटकी जाते, मंग झाडाची कीड बिलकुल जाणार," असं म्हणत तो नळाखाली तांब्या भरी आणि थेट कुंडीत रिकामा करी.

चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली. "दवा कमी पडून राह्यली," म्हणून त्यानं दोन तांबे जास्त ओतले. आठव्या दिवशी कुंडीत नुसते काटे उरले. वाटूरला न्यायची वळकटी त्यानं बांधायला घेतली.

घरात त्याची विधवा आत्या होती, रमाबाई. नळात चामड्याची चकती असते, म्हणून तिला नळाचं पाणी चालत नसे. साथीमुळं विहीर बंद. तेव्हा ती नळाचं पाणी घंगाळात भरून दोन दिवस उन्हात ठेवी, म्हणजे तिच्या मते विटाळ फिटे.

"मुक्या जिवाला ओवळं पाणी पाजून राह्यला का रे?" म्हणत आत्यानं कुंडी ताब्यात घेतली आणि घंगाळातलं पाणी घालू लागली. विटाळाचं देव जाणे, पण उन्हानं पाण्यातली दवा पार उडून गेलेली होती. महिन्याभरात तांबूस कोंब फुटले. साहेब आले त्या दिवशी तर एक टपोरी कळी होती.

"बहोत खूब," साहेब म्हणाले. "बदली रद्द. पाणी कोणतं घातलं?"

"आत्याचं," नरहर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं श्रेय दुसऱ्याला दिलं होतं.

घरी येताना त्याचे डोळे भरून आले. जिच्या सोवळ्याला तो जन्मभर हसला, तिनंच त्याला गावात ठेवलं होतं. तो तडक आत्याच्या पायांशी वाकला.

आत्या चार पावलं मागं सरली. "शिवू नको. नळाखालीच आंघोळ केली ना? दोन दिवस उन्हात बस, मंग पाया पड."

नरहरनं दोन दिवसांची रजा टाकली.