सुमनताईंची मोजणी

आमच्या महामार्गावरच्या वाहतुकीची मोजणी सुमनताई करतात, आणि सुमनताई ही एक जुनी पांढरी व्हॅन आहे. रहदारीत चालता चालताच त्या वायरलेसवरून मला नियंत्रण कक्षात हालहवाल कळवतात. नियम एकच: ताईंना जितकी वाहनं ओलांडतील, तितक्यांना ताईंनीही ओलांडायचं. हिशेब जुळला की ताईंचा वेग तोच रस्त्याचा वेग.

पण ताई पडल्या भिडस्त. दिसेल त्याला वाट देणार. "जाऊ दे हो कुलथेभाऊ, त्याच्याकडे टोमॅटो आहेत, नासतील." स्वतः मात्र कुणाला ओलांडायच्या नाहीत. ओळखीच्या वाहनाची विचारपूस न करता पुढे जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटे, आणि इतक्या वर्षांत अनोळखी असं कुणी उरलंच नव्हतं.

नवे अभियंता दहिवदकर साहेब भडकले. "आज हिशेब जुळला नाही, तर व्हॅन भंगारात!"

मला फार वाईट वाटलं. मी ताईंना जसंच्या तसं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून त्या निघाल्या.

घाटाखाली त्यांच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर आला.

"ताई, घाला पुढे!"

"अहो, त्याची मोळी सुटत आलीय. मागून लक्ष ठेवायला कुणी नको का?"

मी कपाळाला हात लावला. आता ताई भंगारात जाणार, याची मला खात्रीच पटली.

तेवढ्यात मागून दुधाचा टँकर आला. त्याने ताईंची खुशाली विचारली. ताईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी भंगाराचं सांगितलं. टँकर म्हणाला, "मग मी कुठला पुढे जातोय!" आणि मागेच राहिला. त्याने एसटीला सांगितलं, एसटीने ट्रकला, ट्रकने वऱ्हाडाच्या बसला. बघता बघता रांग मागे टोलनाक्यापर्यंत पोचली. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

साहेबांचा फोन आला. तेही त्याच रांगेत होते.

"कुलथे, माझी जीप पुढे जाईना!"

"काय म्हणते, साहेब?"

"म्हणते, ताईंच्या पुढे जायचं नाही."

साहेबांनी तिथूनच हिशेब मागितला.

"ताईंनी किती वाहनं ओलांडली?"

"एकही नाही, साहेब."

"ताईंना किती जणांनी ओलांडलं?"

"कुणीच नाही."

"जुळतंय," साहेब म्हणाले. "रस्त्याचा वेग लिहा. ताशी अकरा."