क्लॅरीच्या गुडघ्याचं भाकीत

"आज रात्री दव गोठणार!" बेकरीच्या दारात क्लॅरी ट्रँटरने जाहीर केलं आणि ठणकणारा डावा गुडघा चोळला.

ग्रॅनाइट क्रीकमध्ये रेडिओपेक्षा या गुडघ्याला मान जास्त. इथे दक्षिण गोलार्धात एप्रिल म्हणजे शरद, पुढे हिवाळा; तो महिना निम्मा सरला की सगळ्यांचं लक्ष गुडघ्याकडे. दव गोठलं की टोमॅटोची झाडं एका रात्रीत काळी पडतात. म्हणून क्लॅरी बोलला रे बोलला की गाव झाडं उपटायचं आणि कच्च्या टोमॅटोचं लोणचं घालायचं. एकदा झाडं उपटली की दव खरंच कधी गोठलं हे बघायला कोण जातंय? पुढेमागे ते गोठायचंच, आणि श्रेय गुडघ्याला मिळायचं.

यंदाही गावाने झाडं उपटली. क्लॅरीने तर परस साफ केलं. कुंपणापलीकडची इनिड मात्र नेहमीसारखी झाडांना पाणी घालत होती.

"इनिड, उद्या रडत येशील!"

"येईन हो," इनिड म्हणाली.

त्या रात्री काहीच गोठलं नाही. दुसऱ्या दिवशी असं उबदार ऊन पडलं की माणसं स्वेटर कमरेला बांधून फिरू लागली. आठवडाभर तीच तऱ्हा. झाडं ठेवली असती तर टोमॅटो लालभडक झाले असते, हे ज्याला त्याला दिसत होतं.

"क्लॅरी, आज कोट घालू का चड्डीवर फिरू?" खाटीक रस्त्यापलीकडून ओरडायचा. पोस्टातल्या नोरीनने तर लोणच्याची बरणीच त्याच्या हातात ठेवली. "खायला नाही हं. गुडघ्याला चोळ!"

टोमण्यांचं क्लॅरीला काही नव्हतं. त्याला खात होती स्वयंपाकघराची रिकामी खिडकी. दर शरदात त्याची बायको मर्ल तिथे कागदावर टोमॅटोचं बी वाळत घालायची. तिच्या वडिलांचं बी, खरबुजासारख्या फाकी असलेलं फळ, कुठल्याही रोपवाटिकेत न मिळणारं. मर्ल जानेवारीत गेली. तिने लावलेली शेवटची झाडं क्लॅरीने स्वतःच्या हाताने उपटली होती, आणि त्यांचं फळ न् फळ आता कच्चंच व्हिनेगरच्या लोणच्यात होतं. बी धरायचं तेव्हा त्याला आठवलंच नाही. गाढवा, अरे गाढवा, असं तो स्वतःला म्हणायचा आणि खिडकीकडे बघायचं टाळायचा.

शनिवारी तो आपल्या लोणच्याची एक बरणी घेऊन कुंपणाशी गेला.

"घे. तुझंच खरं ठरलं."

इनिडने बरणी घेतली. क्लॅरीची नजर तिच्या वाफ्याच्या टोकाला गेली आणि तिथेच खिळली. फाकी असलेली, पिकून जड झालेली फळं.

"ही... ही मर्लची आहेत!"

"तिचीच. दरवर्षी एक रोप द्यायची मला, तू बोलिंग क्लबला गेलास की."

"कशाला?"

इनिडने नळ बंद केला. "म्हणायची, क्लॅरी दव गोठणार म्हणाला की तू आठवडाभर थांब, मग पिकलेलं एक मला आणून दे. बी धरायला. आणि त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

तिने सगळ्यात मोठं फळ तोडून त्याच्या ओंजळीत ठेवलं. उन्हाने ते कोमट झालं होतं. मर्ल असती तर तिच्याशी कडाकडा भांडलो असतो, असं क्लॅरीला वाटलं, पण भांडायला ती नव्हती. फळ एका हातात धरून त्याने गुडघा चोळला.

"इनिड, आज रात्री मात्र नक्की गोठणार बघ."

"बरं," इनिड म्हणाली आणि तिने पुन्हा नळ सोडला. "म्हणजे अजून आठवडा आहे."